दूरच्या सर्व्हरला चित्रांचा पडदा हवा का?



गेले काही महिने वेगवेगळ्या ग्रामसंघांच्या ताई आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येत आहेत. गटांचे हिशेब आता वहीबरोबर कॉम्प्युटरवरही ठेवले जातात. काही संघांनी मिळून भाड्याने सर्व्हर घेतला आहे. बचत-कर्जाच्या नोंदी, चटणी-पापड-मसाल्याच्या ऑर्डरी असं सगळं त्यावर राहतं. ते सांभाळायला गावातलीच एखादी शिकलेली मुलगी नेमलेली असते. ती म्हणते, "ताई, त्या सर्व्हरवर आपल्या कॉम्प्युटरसारखा डेस्कटॉप बसवून घेऊ या. माऊसने सगळं करता येईल. काळ्या पडद्यावर इंग्रजी टाइप करायला नको." शिकवायला आलेले सर म्हणतात, "सर्व्हरवर डेस्कटॉप नको." दोघांचं ऐकून अध्यक्ष ताईंना कळत नाही की कोणाचं धरावं.

आज त्याचाच उलगडा करू या. हा प्रश्न कॉम्प्युटरवाल्यांचा वाटतो. पण त्या सर्व्हरवर आपल्या बायकांच्या कर्जाचे आकडे आहेत, बँकेचे खाते क्रमांक आहेत. म्हणून ठराव करायच्या आधी तो सगळ्यांना समजला पाहिजे.

सर्व्हर म्हणजे शेवटी कॉम्प्युटरच. फक्त तो आपल्या टेबलावर नसतो. मुंबईत नाहीतर आणखी कुठेतरी मोठ्या थंड खोलीत अशी यंत्रं कपाटांत एकावर एक लावून ठेवलेली असतात आणि दिवसरात्र चालू असतात. एकेका यंत्राचे भाग पाडून ते भाड्याने देतात, चाळीतल्या खोल्यांसारखे. आपली खोली आपली, कुलूप आपलं. त्या यंत्राला बहुतेक वेळा पडदा, कीबोर्ड, माऊस यातलं काहीच जोडलेलं नसतं. इंजिनिअर मंडळी त्याला 'हेडलेस' म्हणतात, म्हणजे बिनडोक्याचा. हसू येतं, पण नाव बरोबर आहे. समोर बसून बघणारं तिथं कोणी नाही, तर तोंड दाखवायचं कोणाला?

मग इतक्या लांबून त्याला काम कसं सांगायचं? त्याला दोन वाटा आहेत.

पहिली वाट कमांडची. आपण शब्द टाइप करायचा, एंटर दाबायचं, सर्व्हर ते काम करतो आणि अक्षरांत उत्तर देतो. यासाठी जे साधन वापरतात त्याला एसएसएच म्हणतात. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात तातु युलोनेन नावाच्या संशोधकाने ते बनवलं. त्याआधी दूरच्या कॉम्प्युटरशी बोलताना पासवर्ड उघडाच तारेवरून जायचा. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असे पासवर्ड टिपून घेतले. तेव्हा सगळं बोलणं कुलूपबंद करून पाठवायची ही युक्ती त्यांनी काढली. आज जगभरातले बहुतेक लिनक्स सर्व्हर याच वाटेने चालवले जातात.

दुसरी वाट चित्रांची. सर्व्हरवर डेस्कटॉप बसवायचा, म्हणजे खिडक्या, चित्रं, मेन्यू सगळं. मग त्या पडद्याचं चित्र इंटरनेटवरून आपल्याकडे आणायचं. यासाठी आरडीपी आणि व्हीएनसी ही दोन साधनं सर्रास वापरतात.

शेतातल्या मोटारीचं उदाहरण घ्या. आता पुष्कळ घरांत मोबाईल स्टार्टर आलाय. विहीर लांब मळ्यात, लाइट येणार रात्री. आपण घरून फोन लावतो, आकडा दाबतो, मोटार चालू होते आणि तसा निरोप येतो. विहिरीचं चित्र दिसायची गरज पडत नाही. आकडा पोचला, निरोप आला, काम झालं. कमांडची वाट तशीच आहे. चित्रांची वाट म्हणजे मोटार चालू करायला दर वेळी विहिरीवर व्हिडिओ कॉल लावायचा.

यातून पहिला फरक कळतो, तो रेंजचा. कमांडमध्ये जातात ती चार अक्षरं आणि येतात त्या चार ओळी. एक दांडी रेंज असली तरी भागतं, जसा एसएमएस जातो. डेस्कटॉपमध्ये पडद्यावर काही हललं की ते चित्र पाठवावं लागतं. रेंज कमी असेल तर माऊस इकडे हलवला आणि बाण तिकडे दोन सेकंदांनी सरकला, असं होतं. दोन सेकंदांच्या उशिराने चुकून 'डिलीट'वर बोट पडायला वेळ लागत नाही.

दुसरा फरक जागेचा. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. डिस्क म्हणजे फडताळ. फडताळात कितीही डबे असोत, काम होतं ते ओट्यावर. उबुंटू नावाची लिनक्सची प्रणाली बरीच वापरली जाते. तिच्या डेस्कटॉपसाठी निदान ४ जीबी मेमरी असावी अशी शिफारस ती बनवणाऱ्यांनीच केलेली आहे. लहान संघ भाड्याने घेतात तो सर्व्हर पुष्कळदा १ किंवा २ जीबीचा असतो. तेच उबुंटू डेस्कटॉपशिवाय एवढ्या ओट्यावर आरामात चालतं. डेस्कटॉप मांडला की अर्धा ओटा शोभेच्या वस्तूंनी भरतो आणि पीठ मळायला जागा उरत नाही. ओटा पूर्ण भरला तर लिनक्स स्वतःला वाचवण्यासाठी चालू कामांतलं एखादं बंद पाडतं, आणि बहुधा जास्त जागा खाणारंच निवडतं. जास्त जागा खाणारं काम पुष्कळदा आपल्या नोंदींचा डेटाबेसच असतो. म्हणजे कोणी बघायला नसताना खिडक्या-चित्रं उघडी ठेवायची आणि त्यापायी हिशेब बंद पडायचा. मोठा सर्व्हर घेतला तर अडचण सुटते, पण भाडं दर महिन्याला वाढतं.

तिसरा फरक दारांचा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. सर्व्हरला क्रमांकांची दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. एसएसएचचं दार २२ नंबरचं, आरडीपीचं ३३८९, व्हीएनसीचं ५९०० पासून पुढे. चोरांची यंत्रं दिवसरात्र इंटरनेटवर फिरून कुठलं दार उघडं आहे ते ढकलून बघत असतात. आपला संघ लहान आहे, आपल्याकडे कोण येणार, असं समजू नका. ते यंत्र नाव विचारत नाही.

मे २०१९ मध्ये विंडोजच्या आरडीपीत एक मोठं भगदाड सापडलं. त्याला 'ब्लूकीप' नाव पडलं. पासवर्ड माहीत नसतानाही त्यातून आत शिरता येत होतं. धोका इतका मोठा होता की मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसारख्या, आधार कधीच बंद केलेल्या जुन्या आवृत्त्यांसाठीही दुरुस्ती काढली. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत तर पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात. तुम्ही कितीही लांब पासवर्ड ठेवा, नववं अक्षर वाया. शिवाय डेस्कटॉप बसवला की त्याच्याबरोबर शेकडो लहान-मोठे प्रोग्रॅम येतात. त्या प्रत्येकात कधी ना कधी दोष निघू शकतो, प्रत्येकाची दुरुस्ती वेळेवर बसवावी लागते. घराला जेवढ्या खिडक्या, तेवढ्या कड्या रात्री लावाव्या लागतात.

आता एसएसएचला धोकाच नाही, असंही आम्ही म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका प्रोग्रॅममध्ये कोणीतरी मुद्दाम चोरवाट घुसडल्याचं उघडकीला आलं. एसएसएचच्या दारातून गुपचूप आत शिरता यावं, अशी ती योजना होती. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आत जायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तेवढ्यावरून त्याने खोदून काढलं आणि बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचण्याआधीच ते पकडलं गेलं. दार कुठलंही असो, पहारा लागतोच. म्हणून दारं जितकी कमी तितकं बरं.

आणखी एक फरक आहे. तो कॉम्प्युटरच्या पुस्तकांत फारसा सांगत नाहीत, पण बचत गटवाल्यांना तो लगेच पटेल. आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पाचवं सूत्र लेख्यांचं आहे, कारण जे लिहिलं जातं ते दुसरीला वाचता येतं, तपासता येतं. कमांड ही लिहिलेली गोष्ट आहे. ती वहीत उतरवता येते. अमुक तारखेला, अमुक कामासाठी, अमुक कमांड दिली, असं काय उत्तर आलं. पुढच्या महिन्यात दुसरी ताई तीच ओळ वाचून तेच काम करू शकते.

माऊसने केलेलं काम असं लिहिता येत नाही. फोनवर सांगून बघा. "वर उजव्या कोपऱ्यात चाकासारखं चित्र आहे ना, ते दाब. अगं ते नव्हे, त्याच्या शेजारचं." नवी आवृत्ती आली की ते चाक तिथून उठून दुसरीकडे जाऊन बसतं. कमांड सहसा जागा सोडत नाहीत. फायलींची यादी दाखवणारी 'एलएस' ही कमांड युनिक्सच्या १९७१ च्या पुस्तिकेत आहे, आणि आजही तीच दोन अक्षरं टाइप करावी लागतात.

आमच्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. सर्व्हर सांभाळायला शिकलेली मुलगी दोन वर्षांत लग्न होऊन सासरी जाते, नाहीतर पुण्याला नोकरी धरते. तिने सगळं माऊसने केलेलं असेल तर तिच्याबरोबर माहितीही जाते. संघ पुन्हा तालुक्याच्या कोणा माणसाच्या दारात उभा राहतो. तो काय करतोय हे कोणाला कळत नाही, बिल मात्र कळतं. वही असेल तर नव्या मुलीला पहिल्या पानापासून सुरुवात करता येते. आणि सासरी गेलेल्या मुलीलाही अडचणीच्या वेळी तिथून मोबाईलवर टर्मक्ससारखं ॲप वापरून मदत करता येते, कारण अक्षरांना मोठा पडदा लागत नाही.

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे. ती उडवून लावू नये. पण रोजच्या कामाला लागणारे शब्द वीस-पंचवीसच्या वर जात नाहीत. डिस्कवर जागा किती उरली ते बघायला 'डीएफ', मेमरी किती मोकळी आहे ते बघायला 'फ्री', सर्व्हर किती दिवस न थांबता चालू आहे ते बघायला 'अपटाइम', आत्ता आत कोण आहे ते बघायला 'हू'. लिज्जतदार पाककृती लिहितो तशा या चार ओळी वहीच्या पहिल्या पानावर लिहा, शेजारी मराठीत अर्थ लिहा. या चारही कमांड नुसतं बघतात, काही बदलत नाहीत. त्यामुळे शिकताना हात कापायला नको.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. काळ्या पडद्यावर देवनागरी पुष्कळदा नीट उमटत नाही, जोडाक्षरं फुटतात, मात्रा सरकतात. म्हणून फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. आतला मराठी मजकूर आपल्या कॉम्प्युटरवर आणून वाचा.

काळ्या पडद्याचे आणखी धोकेही ऐकून घ्या. माऊसने फाईल पुसली तर ती बहुधा आधी कचरापेटीत जाते. 'आरएम' कमांडने पुसली की ती सरळ जाते, आणि साधारणपणे "नक्की ना?" असं विचारलंही जात नाही. म्हणून 'रूट' म्हणजे सर्वाधिकाराच्या नावाने रोज आत जायचं नाही. प्रत्येकीचं वेगळं साधं खातं असावं. मोठं काम करताना तेवढ्यापुरतं 'सुडो' लावायचं. 'सुडो' लावून दिलेली कमांड सर्व्हर नावासकट आणि वेळेसकट आपल्या नोंदीत लिहून ठेवतो, जसं आपण इतिवृत्तात लिहितो. दुसरा धोका म्हणजे मध्येच रेंज गेली तर चालू काम अर्धवट तुटू शकतं. इथे डेस्कटॉप उजवा ठरतो. त्यात जोडणी तुटली तरी तिकडे खिडकी बहुधा उघडीच राहते. काळ्या पडद्यावर हीच सोय 'टीमक्स' किंवा 'स्क्रीन' नावाचे छोटे प्रोग्रॅम करतात. आधी ते चालू करायचं, मग काम. रेंज परत आली की काम होतं तिथून पुढे दिसतं.

मग चित्रांची वाट पूर्णच बंद करायची का? तसं नाही. काही ठिकाणी ती लागतेच. टॅलीसारखं विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर दूरच्या यंत्रावर ठेवलं असेल, तर ते वापरायला पडदाच हवा. तिथे ३३८९ चं दार सगळ्या जगाला उघडं न ठेवता व्हीपीएन म्हणजे आपल्या लोकांपुरता बंद रस्ता करून घ्या. आणि हेही लक्षात घ्या की खिडक्यांवरच जिचं नाव पडलं त्या विंडोजनेही २००८ च्या सर्व्हर आवृत्तीपासून 'सर्व्हर कोअर' नावाचा नेहमीच्या डेस्कटॉपशिवायचा प्रकार देऊ केला आहे.

लिनक्स सर्व्हरसाठी आमचं म्हणणं असं की चित्रं हवीत तर ती आपल्या बाजूला ठेवा, सर्व्हरवर नको. विनएससीपी किंवा फाईलझिला हे प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर बसतात. एका बाजूला आपल्या फायली, दुसऱ्या बाजूला सर्व्हरच्या, माऊसने इकडून तिकडे ओढायच्या. आतून ते एसएसएचच्याच दाराने जाऊ शकतात. सर्व्हरवर डेस्कटॉप लागत नाही, ओट्यावरची जागाही जात नाही. मुलीला चित्रं मिळतात आणि सरांचंही म्हणणं राहतं.

आणखी एक मधली सोय म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं पॅनेल. कॉकपिट, वेबमिन ही त्यांची नावं. मेमरी, डिस्क, चालू कामं यांचं चित्र त्यात छान दिसतं. पण तेही एक दारच आहे. कॉकपिटचं ९०९०, वेबमिनचं १००००. वेबमिनच्या काही आवृत्त्यांत बाहेरच्या कोणी चोरवाट घुसडलेली होती, हे ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झालं. म्हणून पॅनेल हवं असेल तर त्याचं दार बाहेरून बंद ठेवायचं आणि एसएसएचच्या दारातून आत येऊनच ते उघडायचं. सरांना 'एसएसएच टनेल' म्हटलं की ते करून देतील.

आता बैठकीत ठराव काय करायचा, तेवढं सांगतो.

पहिलं, आपल्या संघाच्या लिनक्स सर्व्हरवर डेस्कटॉप बसवायचा नाही. कोणी बसवलेला असेल तर तो कोणत्या कामासाठी लागतो ते विचारायचं. सांगता आलं नाही तर बॅकअप घेऊन काढायला लावायचा.

दुसरं, आत जायला पासवर्डऐवजी एसएसएचची किल्ली वापरायची. या किल्लीचे दोन भाग असतात. एक सर्व्हरवर ठेवायचा, तो कुलपासारखा. दुसरा आपल्याजवळ, तो खरी किल्ली. तो कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. प्रत्येकीची किल्ली वेगळी, आणि काम सोडलेल्या माणसाचं कुलूप त्याच दिवशी सर्व्हरवरून काढायचं.

तिसरं, सर्व्हरची वही. बचतीच्या वहीइतकीच ती महत्त्वाची. तारीख, कोणी, कशासाठी, कोणती कमांड. पासवर्ड मात्र वहीत लिहायचा नाही.

चौथं, सर्व्हर एकीला न शिकवता दोघींना शिकवायचा. महिन्यातून एकदा दुसरीने वही बघून काम करायचं आणि पहिलीने नुसतं शेजारी बसायचं. जिथे दुसरी अडेल तिथे वही अपुरी आहे असं समजून ती ओळ त्याच वेळी भरायची.

पुढच्या आठवड्यात बॅकअप कसा घ्यायचा आणि घेतलेला बॅकअप चालतो की नाही हे कसं तपासायचं, त्यावर बोलू. तोवर आपल्या संघाच्या सर्व्हरच्या किल्ल्या आज कोणाकोणाकडे आहेत, याची यादी करून ठेवा. नमस्कार.